कोथरूडच्या फ्लॅटवर नाव, डिडकॉटला घर: स्टॅम्प ड्यूटी किती?

प्रश्न: आम्ही पाच वर्षं डिडकॉटला भाड्याने राहतोय. नवरा रोज गाडीने पॅडिंग्टनला जातो, मी हारवेलला नोकरी करते. गावाच्या पश्चिमेला नव्या वसाहतीत 4 लाख 20 हजार पौंडांचं घर ठरलं आहे. इंग्लंडमधलं हे आमचं पहिलंच घर. पण कोथरूडच्या एका फ्लॅटवर बाबांबरोबर माझं नाव आहे. 2014 मध्ये तो घेतला, सुरुवातीचे हप्ते मी भरले, उरलेलं कर्ज बाबांनी निवृत्तीच्या पैशातून फेडलं. लग्नानंतर 2018 मध्ये इकडे येईपर्यंत मी तिथेच राहत होते. आज त्याची किंमत 1 कोटी 20 लाखांच्या आसपास आहे. सॉलिसिटरच्या फॉर्मवर ‘जगात कुठेही घर आहे का’ असं विचारलंय. काही मित्र म्हणतात, लिहू नका, इथे कुणाला कळतंय. काही म्हणतात, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घ्या. काय करू?

उत्तर: फॉर्मवर खरं लिहा. स्टॅम्प ड्यूटीचं विवरणपत्र तुमचा सॉलिसिटर भरतो, पण त्यातल्या मजकुराची जबाबदारी तुमची असते. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल, तर एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या करखात्याला, वीस वर्षं मागे जाता येतं. कर, व्याज, दंड सगळंच मग मागे लागतं. शिवाय ही गोष्ट कळू शकणार नाही, हा समजही भाबडा आहे. उद्या तो फ्लॅट विकून पैसे इकडे आणाल, तेव्हा ते कुठून आले हे इथली बँकच विचारेल.

आता आकडे. 1 एप्रिल 2025 पासून इंग्लंडमध्ये पहिल्या 1,25,000 पौंडांवर कर नाही, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत 2 टक्के आणि नंतर 9,25,000 पर्यंत 5 टक्के. म्हणजे तुमच्या घरावर 11,000 पौंड. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला 3 लाखांपर्यंत काहीच नाही, पुढच्या रकमेवर 5 टक्के, म्हणजे 6,000 पौंड. मात्र आधीचं घर असेल तर संपूर्ण किमतीवर आणखी 5 टक्के, म्हणजे वर 21,000. एकूण 32,000. हे आधीचं घर लंडनला असो की कोथरूडला, कायद्याला फरक पडत नाही.

नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतल्याने हा जादा कर टळत नाही. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोतल्या एकाने घर घेतलं, तरी दोघांनी मिळून घेतलं असं धरूनच तो मोजतात. आणि जादा दर लागला, की नवऱ्याची ‘पहिलं घर’ ही सवलतही जाते.

मात्र या नियमात एक उंबरठा आहे, आणि तुमचं सगळं प्रकरण त्यावरच अडलेलं आहे. आधीच्या घरातल्या तुमच्या हिश्श्याची बाजारातली किंमत 40,000 पौंडांहून कमी असेल, तर तो हिस्सा जादा करासाठी मोजलाच जात नाही. पौंडाला 115 रुपये धरले तर हे होतात 46 लाख. निम्मा हिस्सा धरला तर 60 लाख, म्हणजे तुम्ही अडकलात. पण तो निम्मा आहे असं कुणी सांगितलं? दोन नावं म्हणजे निम्मं-निम्मं, हे आपण घरात बोलताना धरून चालतो. भारताच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं (1882) कलम 45 सांगतं, की एकत्र खरेदीत ज्याने जितका पैसा घातला तितका त्याचा हिस्सा, आणि कुणी किती घातला याचा पुरावाच नसेल, तर समान. म्हणून आधी करारनामा आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा) काढा आणि त्यात हिस्से लिहिलेत का ते पाहा. नसतील तर कर्जखात्याचे उतारे काढा. तुमच्या हप्त्यांची बेरीज एकूण खर्चाच्या तिसऱ्या भागाएवढी निघाली, तर हिस्सा 40 लाखांचा, म्हणजे 35,000 पौंडांच्या खाली. पुण्यातल्या वकिलाचं लेखी मत आणि मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल हाताशी ठेवूनच हा मुद्दा घ्यायचा. ‘बाबांनीच सगळं भरलं, माझं नाव नुसतं सोयीसाठी’ एवढ्या तोंडी सांगण्यावर कुठलाही इंग्लिश सॉलिसिटर सही करणार नाही, मीही करणार नाही.

जाता जाता, अशाच पेचातल्या इतर वाचकांसाठी: सोसायटीत नुसतं नॉमिनी म्हणून नाव असेल, तर त्याने मालकी येत नाही.

उतारे तुमच्या बाजूने निघाले नाहीत, तर दुसरा रस्ता म्हणजे घराचा ताबा मिळण्याच्या दिवसाआधी तुमचा हिस्सा बाबांच्या नावे नोंदणीकृत दस्ताने करून देणं. त्या दिवशी रात्री तुमच्याकडे दुसरं घर नसलं, म्हणजे जादा दर नाही. हा रस्ता स्वच्छ आहे, पण फुकटचा नाही. 200 रुपयांत बक्षीसपत्र होतं असं सगळे सांगतात. महाराष्ट्रातली ती सवलत घर नवऱ्याला, बायकोला, मुला-नातवंडांना देताना आहे. मुलीकडून वडिलांकडे जाताना नाही. तिथे साधारण तीन टक्के आणि वर स्थानिक अधिभार धरा, नेमका आकडा पुण्याच्या वकिलाकडून घ्या. तुम्ही इकडून कुलमुखत्यारपत्र पाठवणार, तर ते नोटरीसमोर करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचं सरकारी प्रमाणपत्र, घ्या. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. हे टपालाचे आठवडे हिशेबात धरा.

या रस्त्यावरचा ब्रिटिश कर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही इथल्या कर-रहिवासी आहात. वडिलांना फुकट दिलेला हिस्सा बाजारभावाने विकला, असं इथला भांडवली नफ्याचा कायदा धरतो. 2014 चा खर्च तेव्हाच्या दराने पौंडांत, आजची किंमत आजच्या दराने, आणि मधल्या फरकावर 18 किंवा 24 टक्के. त्यातून वर्षाचे 3,000 पौंड वजा होतात. तुम्ही 2018 पर्यंत तिथे राहत होता, तेवढ्या काळापुरता नफाही सुटतो. तुम्ही सांगता त्या किमतीत हा कर काही हजार पौंडांपलीकडे जाईल असं वाटत नाही, म्हणजे 21,000 वाचवण्यासाठी तो परवडतो. पण विवरणपत्रात दाखवावा लागेल. भारतात बक्षीस दिल्यावर कर नाही, म्हणून इथेही नाही, असं समजू नका.

तुम्ही न विचारलेलं एक विचारतो. भाऊ-बहीण आहेत का? हिस्सा सोडला की तो बाबांचा झाला. पुढे मृत्युपत्र कुणाच्या नावे होतं, यावर तुमचा काही हक्क राहत नाही. बाबांशी हे आत्ताच बोलून घ्या. फोनवर जड जाईल, पण नंतर भावाशी बोलणं त्याहून जड जातं.

आता नावांचं. जादा कर टळला असं धरू. दोघांच्या नावावर घेतलंत तर 11,000, कारण ज्याच्या नावावर कुठेही कधी घर होतं, त्याला ‘पहिलं घर’ ही सवलत पुन्हा मिळत नाही. हिस्सा सोडून दिला तरीही नाही आणि तो 40,000 पौंडांखाली असला तरीही नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतलं, आणि त्याच्या नावे कधीच घर नसेल, तर 6,000. फरक पाच हजारांचा. एवढ्यासाठी स्वतःचं नाव सोडू नका, असं माझं मत आहे. डिपॉझिटमध्ये तुमचे पैसे असतील आणि आपला अर्धा हिस्सा असं घरात ठरलेलं असेल, तर कायद्याच्या नजरेत तुम्हीही खरेदीदार आहात आणि ती सवलत मुळातच लागू होत नाही. तुमचे पैसे नसतील, तर घर खरोखर नवऱ्याचं. कर्ज दोघांच्या पगारावर असेल, तर बहुतेक बँका मालकीतही दोघांची नावं मागतात. नाव नंतर चढवू म्हणाल, तर अर्ध्या कर्जाची किंमत मोजून घेतल्यासारखा त्यावरही कर बसू शकतो.

शेवटी, क्रम चुकवू नका. आपल्याकडे टोकन दिलं की माणूस बांधला जातो. इंग्लंडमध्ये ऑफर स्वीकारली तरी सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. एकदा ती झाली आणि साधारण दहा टक्के रक्कम गेली, की ताब्याची तारीखही पक्की होते. म्हणून उतारे हातात येईपर्यंत, किंवा पुण्यातला दस्त नोंदला जाईपर्यंत, अदलाबदल करू नका. विकणारा घाई करेल, इस्टेट एजंट रोज फोन करेल, करू द्या. त्या दिवसांत सॉलिसिटरला वसाहतीच्या देखभाल शुल्काची कागदपत्रं मागायला लावा. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमच्या मालकीचं, असूनही नव्या वसाहतींत बागा-रस्त्यांसाठी एखादी कंपनी दरवर्षी पैसे घेते. 1925 च्या मालमत्ता कायद्याचं कलम 121 लागू असलं, तर चाळीस दिवस थकबाकी राहिल्यावर ती कंपनी तुमच्याच घराचा भाडेपट्टा करून घेऊ शकते. ते कलम वगळल्याचं वाक्य दस्तात हवं. नसेल तर विक्रेत्याकडून दुरुस्ती करून घ्या, कारण कर्ज देणारी बँकही ते मागेल.