निबंधातलं ‘मात्र’ आणि ‘यावरून’

कर्नाटकातल्या खानापूरहून पाठवलेला तुझा निबंध वाचला, बाळ. तळमळ खरी आहे, पण ‘सर्वांनाच माहीत आहे’ हे तीनदा आलंय. तिथे पुरावा हवा. ‘मराठी शाळा टिकाव्यात’ ही तुझी भूमिका. ‘कारण’ येईपर्यंत ती नुसती मागणी राहते. आधार भक्कम आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय व्हावी, असं राज्यघटनेचं कलम ३५० अ सांगतं. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं ते आलं.

‘त्यामुळे’ आणि ‘यावरून’ यांची गल्लत मला फार खटकते. पट घटला, त्यामुळे वर्ग बंद झाला: हे कार्यकारण. त्यावरून पालकांचा कल ओळखणं म्हणजे अनुमान, आणि ते चुकू शकतं. तिथे ‘यावरून असं दिसतं’ एवढंच लिही.

‘कन्नडशिवाय इथे नोकरी नाही’ हा आक्षेप तू टाळलास. बेळगावात तो रोज ऐकू येतो, म्हणून स्वतःच मांड. ‘हे मान्य, मात्र कन्नड विषय म्हणूनही शिकता येते.’ ‘शिवाय’नं आपलीच बाजू वाढते, ‘मात्र’नं वाक्य वळतं. ‘गद्दार’ हा शब्द काढ. पुढचा खर्डा रविवारपर्यंत दे.