डॉक्टरचं सर्टिफिकेट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सक्तीच्या सेवेसाठी स्विस लष्कराचं बोलावणं आल्यापासून तुझ्या आईचे तीन फोन झाले. "भाऊजी, एखादं डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही का मिळणार?" मिळेलही. पण ते तू आणू नयेस, म्हणून हे पत्र.

पंचवीस वर्षांपूर्वी मी झ्युरिकला आलो. रविवारी संध्याकाळच्या गाडीत खांद्याला रायफल लावलेली पोरं बघून पोटात गोळाच आला. समोरच्या आजीबाईंनी मात्र त्यातल्या एकाला खुशाल आपली बॅग वर ठेवायला लावली. तो कुणाचा तरी नातू, बस्स. मिलिशिया, म्हणजे साध्या नागरिकांचंच सैन्य, काय असतं ते मला तिथं कळलं.

आमच्या ऑफिसातला हिशेब बघणारा मुलगा दरवर्षी तीन आठवडे गायब व्हायचा. ऐन वार्षिक ताळेबंदात. मी जाम वैतागायचो. पुढे कळलं, तिकडे लष्करात तो शंभरावर माणसं सांभाळतो, आणि त्यात आमच्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावरचे लोकही असतात! त्यानंतर मी मुकाट्याने त्याचं काम वाटून घ्यायला लागलो.

हिशेब असा: अठरा आठवड्यांचं रिक्रूट स्कूल, म्हणजे नव्या शिपायांचं प्रशिक्षण, मग तीन-तीन आठवड्यांच्या सहा उजळण्या. साध्या शिपायाचे एकूण २४५ दिवस. नोकरीत असशील तर उजळण्यांच्या काळात पगाराच्या ८० टक्के भरपाई मिळते. अनफिट ठरलास तर करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के, किमान ४०० फ्रँक, भरावे लागतात. म्हणजे सर्टिफिकेटही फुकट नाहीच.

बंदूक हातात धरणं मनाला पटत नसेल तर १९९६ पासून नागरी सेवेची वाट आहे. दिवस दीडपट, काम वृद्धाश्रमात, नाहीतर डोंगरावरच्या कुरणात. ती घेतलीस तरी मला आनंद आहे. फक्त खोटी पाठदुखी नको.

शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही आपली जुनी खोड. इथले लोकही काही सगळे हौसेने जात नाहीत, कुरकुरतात भरपूर. तरी लष्करी सेवेची सक्ती रद्द करायची का, असं २०१३ साली विचारलं तेव्हा ७३ टक्क्यांनी नको म्हटलं. तू या देशाचा पासपोर्ट घेतलास, मतही देणार आहेस.

आईशी मी बोलतो. तू जर्मन सुधार, विशेषतः बोलीभाषा. बराकीत पुस्तकी जर्मन कुणी बोलत नाही. आणि बूट मिळाले की घरातच घालून हिंड, नाहीतर पहिल्याच मार्चला टाचा सोलवटतील.

तुझा,
काका