एमआरएनए कॅन्सर लस आत्ताच घेतली तर पुढे कॅन्सर होणार नाही का?

नाही, ही लस निरोगी माणसासाठी नाहीच, बहुतेक करून ज्याची गाठ ऑपरेशनने काढलीय त्याला कॅन्सर परत उलटू नये म्हणून चाचण्यांमध्ये देतात, नाव लस पण काम औषधाचं. मॉडर्ना-मर्क या औषध कंपन्यांची जी लस बरीच पुढे गेलीय त्यात पेशंटच्या गाठीचा तुकडा आणि रक्त घेऊन दोन्हीचा डीएनए ताडून बघतात, गाठीत जे वेगळे बदल सापडतात त्यातले जास्तीत जास्त ३४ निवडून त्यावरून एमआरएनए (पेशींना प्रोटीन बनवायची सूचना देणारा रेणू) बनवतात, त्यामुळे शरीराची प्रतिकारशक्ती ते बदल ओळखायला शिकते, म्हणजे माप घेऊन शिवलेल्या ब्लाउजसारखं, एकीचा दुसरीला बसत नाही. मेलॅनोमा म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या १५७ पेशंटवरचे रिझल्ट लॅन्सेटमध्ये २०२४ ला आले, नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबपेक्षा (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) सोबत ही लस दिली तर कॅन्सर परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्के कमी दिसला. पण ती चाचणी फेज २, म्हणजे मधल्या टप्प्याची होती आणि पेशंट थोडे, त्यामुळे व्हॉट्सॲपवर "कॅन्सरवर लस आली" फिरतं ते घाईचं आहे. आधीच घ्यायची असेल तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्हीची (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची) लस आहे, पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक त्यातलीच, ती मात्र एमआरएनए नाही.