मी साताऱ्यात नववीला शिकवते. मुलं प्रकल्पाची माहिती मोबाइलवरून जशीच्या तशी उतरवतात. माहिती शोधायला आणि पारखायला कसं शिकवू?

मोबाइलला दोष देऊ नका, ताई. विषय काय देता ते आधी सांगा. ‘पाण्याचे महत्त्व’, ‘प्रदूषण : एक समस्या’ असले विषय दिले की मुलं उतरवणारच, त्यात शोधायला आहे काय? मोबाइल नव्हते तेव्हा हेच प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचे, आणि नक्षीदार किनार बघून गुणही मिळायचे.

मी साताऱ्यातल्याच एका शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होतो. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा, काम पूर्ण आणि स्टाफरूममध्ये मत शून्य. पाटण तालुक्यातली एक मुलगी वसतिगृहात राहून नववी करत होती. तिनं कोयनेचा भूकंप हा विषय घेतला आणि तक्रार घेऊन आली, “सर, एका ठिकाणी १० डिसेंबर १९६७ लिहिलंय, एका ठिकाणी ११. खरं कुठलं?”

मी सांगितलं नाही. (हे फार अवघड असतं. उत्तर माहीत असलं की शिक्षकाची जीभ वळवळते.) गावी गेलीस की आजीला विचार म्हटलं. आजी म्हणाली, पहाटेचा अंधार होता, सगळी झोपेत होती, वार सोमवार. पोरीनं मोबाइलवरच १९६७ चं कॅलेंडर काढलं. सोमवार ११ तारखेला. मग १० कुठून आली? परदेशी नोंदीत ग्रिनिचची वेळ सापडली, १० तारखेची २२:५१. आपल्याकडची ११ ची पहाटे ४:२१. आठवीच्या भूगोलातली प्रमाण वेळ तिला तिथं आठवली. साडेपाच तास मिळवले आणि दोन्ही तारखा बरोबर निघाल्या. तीव्रताही कुठे ६.३, कुठे ६.६. तिनं दोन्ही आकडे लिहिले आणि कुठला कुठून घेतला तेही लिहिलं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी १० तारखेवर लाल काट मारली. शेरा, ‘माहितीत एकवाक्यता नाही’. गुण कापले. मी भांडलो, तर आमचे एक ज्येष्ठ सर म्हणाले, “बोर्डाच्या पेपरात दोन उत्तरं लिहिली तर कोण मार्क देणार? तुम्ही पुस्तकांची देवघेव बघा, शिकवायचं आमच्यावर सोडा.” हे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं तर बरंच होईल. सर, त्या अख्ख्या गठ्ठ्यात स्वतः शोधून लिहिलेला तेवढा एकच प्रकल्प होता.

तर, दोन ठिकाणी दोन गोष्टी सापडतील असे विषय द्या. आपल्याकडे तोटा नाही. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र कुणी सातारा जिल्ह्यात लिहितं, कुणी सांगली. का, ते मुलांना खणू द्या. (१९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. तुम्ही मात्र आधी बोलू नका.) मराठी विश्वकोशाचं काम आपल्या वाईतून चालत आलंय, ऑनलाइन फुकट आहे, तरी पोरं आधी कुठलातरी ब्लॉग उघडतात. विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते बघायची सवय लावा. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला कुठून कळलं. आणि निम्मे गुण ‘कुठून घेतलं’ याला ठेवा, किनारीला नको.

साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं असं होणार नाही, हे मान्य. आजीची आठवणही चुकू शकते, म्हणून तर कॅलेंडर बघायचं. चॅटजीपीटीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण तो एकच तारीख ठणकावून सांगून मोकळा होऊ शकतो. मुलांनी कुठून घेतली ते विचारावं आणि तिथं स्वतः जाऊन बघावं.

वेळापत्रकात ग्रंथालयाचा तास असेल तर तो गणिताच्या जादा तासाला देऊन टाकू नका. शाळेत ग्रंथपाल असेल तर त्यालाच वर्गावर बोलवा, अर्धवेळ असला तरी.