आजीला विचारून घ्या, मग निघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोकरी पक्की झाली आहे, तीन महिन्यांनी बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन निघताय. आणि सगळं लिहून झाल्यावर शेवटी तुम्ही मनातलं विचारलंत: "आजवर काही अडलं की आजीकडे जायचो. ती प्रार्थना करायची, एखादी जुनी गोष्ट सांगायची आणि वाट दिसायची. तिथे कुणाला विचारणार? आणि मुलीला यातलं काय देणार?" मला देश सोडून १४ वर्षं झाली. व्हिसा, घर, शाळा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील, म्हणून मी या एकाच प्रश्नावर लिहिते.

निरोपाच्या वेळी बायबलमधलं यिर्मया २९:११ तुम्हाला कुणीतरी नक्की लिहून देईल. तुमच्याविषयी देवाच्या मनात हिताचे संकल्प आहेत, असं ते वचन. मलाही चौघांनी दिलं होतं. पण ते वचन एका पत्रातलं आहे, आणि ते पत्र यरुशलेमेहून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं म्हटलंय. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परत जायला मिळणारच नव्हतं. तरी त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. मी पहिली दोन वर्षं हे केलं नाही. खोकी अर्धी बांधलेलीच ठेवली, शेजारणीचं नावही विचारलं नाही. तुम्ही असं करू नका. ते पत्र पहिल्या ओळीपासून वाचा.

आता आजीच्या जागी कोण, याबद्दल.

माझ्या आजोबांकडे चर्चच्या अर्पणाचा हिशेब असायचा. रविवारी रात्री ते चादर अंथरून त्यावर नाणी मोजायचे. दहा-दहाच्या चळती लावायचे आणि सगळ्यांवरून आडवं बोट फिरवायचे, एखादी उंच-ठेंगणी लागते का ते बघायला. एकदा रक्कम कमी भरली. आजी म्हणाली, आपल्यातले घाला, कोण विचारायला येणार आहे? आजोबा म्हणाले, "मग हिशेब जुळेल, पण खरा होणार नाही." सकाळी जाऊन त्यांनी पंचांना सांगितलं, पैसे कमी आहेत, मोजताना माझ्याकडूनच चूक झाली असेल. मी तेव्हा आठेक वर्षांची होते. दारात उभी राहून ऐकत होते.

इकडे तिसऱ्या वर्षी माझ्या वरिष्ठांनी मला एका तपासणीची नोंद मागच्या तारखेने करायला सांगितली. तपासणी झालीच नव्हती. माझा राहण्याचा परवाना त्या नोकरीवर अवलंबून होता, त्यामुळे नाही म्हणायची भीती किती होती ते तुम्हाला तिकडे गेल्यावरच कळेल. रात्री प्रार्थनेला बसले. ज्याला ज्ञान उणं पडतं त्याने देवाकडे मागावं, असं याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात आहे. मागितलं. आवाज वगैरे काही आला नाही. डोळ्यांपुढे आली ती चादर, आणि आजोबांचं ते आडवं फिरणारं बोट. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रे ११:१ मला लहानपणापासून पाठ होतं. पण ते पाळताना माणूस कसा दिसतो, हे मी त्या दारातून पाहिलं होतं. सकाळी मी म्हटलं, तपासणी आज करते आणि तारीखही आजचीच घालते. वरिष्ठ चिडले. पुढे कित्येक महिने मला नकोशा पाळ्या लागल्या, बढतीही दुसऱ्याला गेली. तरीही तो निर्णय चुकला असं मला एकदाही वाटलं नाही.

पण घरातली प्रत्येक आठवण शहाणपणाचीच असते, असंही नाही. आमच्याकडे राग आला की आठवडेच्या आठवडे अबोला धरायचे. तोही माझ्या सामानाबरोबर इकडे आला. नवऱ्याशी बोलणं बंद केलं की या देशात मला बोलायला दुसरं कुणीच नव्हतं, तेव्हा इफिसकरांस पत्रातलं वचन पहिल्यांदा खरं लागलं: सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका. घरचं आहे म्हणून सगळंच जपायचं नसतं. वचनापुढे धरून बघायचं आणि जे टिकत नाही ते सोडून द्यायचं.

चर्च मात्र पहिल्या महिन्यातच शोधा. उपासनेची पद्धत वेगळी असेल, गाणी अनोळखी असतील, आणि आपल्यासारखं नाही म्हणून घरी बसावंसं वाटेल. चौथ्या शतकातल्या संत ऑगस्टिनची आई मोनिका मुलाच्या पाठोपाठ आफ्रिकेतून मिलानला आली, तेव्हा शनिवारी उपास करायचा की नाही, इथपासून तिला अडचण. ऑगस्टिनने मिलानचे बिशप अँब्रोज यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, रोममध्ये असलो की मी शनिवारी उपास करतो, इथे असलो की करत नाही. ज्या मंडळीत जाल तिथली रीत पाळा. तिने ते ऐकलं. याच ऑगस्टिनने ३८३ साली आईला फसवून, तिला किनाऱ्यावर सोडून रोमचं जहाज गाठलं होतं. ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी परतीच्या वाटेवर रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात ती वारली. गावी नवऱ्याशेजारी आपल्याला पुरावं, अशी तिची फार इच्छा होती. शेवटी म्हणाली, देह कुठेही ठेवा, देवापासून काहीच लांब नाही. माझी आई गेली तेव्हा मला पोहोचता आलं नाही, अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला. त्या दिवसांत मी मोनिकेचं हे बोलणं धरून राहिले. तुमच्यावर हा दिवस येऊ शकतो. आत्ताच लिहून ठेवते.

मुलीसाठी यहोशवाचा चौथा अध्याय वाचा. यार्देन नदी ओलांडल्यावर देवाने इस्राएल लोकांना तिच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितले, ते कशासाठी? तर पुढे मुलं विचारतील, या धोंड्यांचा अर्थ काय? आधी मुलाचा प्रश्न, मग बापाने सांगायचं. आमच्या घरात असा धोंडा म्हणजे आजोबांचं बायबल. समासात पेन्सिलीने तारखा आहेत. काकांचं आजारपण, माझा जन्म, आणि नीतिसूत्र्यांपाशी त्या रविवारची तारीख. ते कपाटात ठेवलं नाही, जेवणाच्या टेबलावर असतं. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याने विचारलं, पुस्तकात कुणी रेघोट्या मारल्या? त्या दिवशी चादरीची गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगितली. मराठीत. मधले शब्द त्याला कळले नाहीत, ते पुन्हा सांगितले.

तेव्हा आजीकडून एखादी वस्तू मागून घ्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा. आणि एक पूर्ण दुपार तिच्याजवळ बसा. उपदेश विचारू नका. उपदेश सगळ्यांना पाठ असतात. विचारा, तुला काहीच सुचत नव्हतं असा दिवस कोणता? तेव्हा प्रार्थनेत नेमकं काय मागितलंस? मिळालं नाही तेव्हा काय केलंस? कुणाला माफ करायला सगळ्यात जास्त वेळ लागला? मुलीलाही शेजारी बसू द्या, खेळत का असेना. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, आणि आजी बोलता बोलता थांबली तर मध्ये बोलू नका, ती आठवत असेल.