स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काख बधिर झाली आहे, तरीही ब्लाउज लागला की झोंबते. असे का होते आणि काय करावे?

काखेतील लसिका गाठी काढताना काखेला आणि दंडाच्या आतल्या बाजूला संवेदना पुरवणारी नस ताणली किंवा कापली जाऊ शकते, आणि त्यामुळे तिथली त्वचा एकाच वेळी बधिरही वाटते आणि हुळहुळीही होते. हा त्रास बहुधा काही महिन्यांत कमी होतो, मात्र थोडा बधिरपणा कायमचा राहू शकतो.

जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा त्या भागावरून दिवसातून दोन-तीन वेळा काही मिनिटे हलकेच फिरवावा आणि तो सहन होऊ लागला की थोडे खरखरीत कापड घ्यावे. अशाने त्वचेला स्पर्शाची पुन्हा सवय होते. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी मुळीच ठेवू नये, कारण भाजले तरी कळत नाही.

झोंबण्यासोबत पुरळही आले असेल आणि ते बरोबर जखमेवरच्या चिकटपट्टीच्या आकाराचे, चौकोनी असेल, तर दोष बहुधा तिच्या गोंदाचा असतो. तसे परिचारिकेला सांगून फाइलमध्ये नोंदवून घ्यावे आणि सिलिकॉनची पट्टी मागावी. घरच्यांनी प्रेमाने आणलेला हळदीचा लेप जखमेवर लावू नये.

लाली पसरत असेल, ताप किंवा पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या हातातील बांगड्या अचानक घट्ट होऊ लागल्या, तर ती लसिकेची (हातात साचलेल्या शरीरातील पातळ द्रवाची) सूज असू शकते, म्हणून तेही लवकर दाखवावे.