‘मॅडम, त्याला पटवून कसं द्यायचं?’

घरात स्किझोफ्रेनियाचा पेशंट असलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा आजाराची माहिती बहुतेकांनी मोबाइलवर वाचलेली असते. डॉक्टरांनीही सांगितलेलं असतं. तरी खुर्चीत टेकल्यावर दहा मिनिटांत प्रश्न येतोच: ‘मॅडम, हे सगळं त्याच्या मनाचे खेळ आहेत, हे त्याला पटवून कसं द्यायचं?’ कधी नवरा बायकोबद्दल विचारतो, कधी बहीण भावाबद्दल. मधल्या काळात हा प्रश्न जरा जास्तच वाढला, आणि त्याला एक मालिका कारणीभूत आहे.

नाव घेत नाही, ज्यांनी पाहिली ते ओळखतीलच. घरातल्या धाकट्या मुलाला आवाज ऐकू येतात, शेजारी कट करताहेत असं वाटतं. आई दुधात गोळी विरघळवून देते. शेवटी थोरला भाऊ घरभर कॅमेरे लावतो आणि सगळं चित्रीकरण एका रात्री त्याच्यासमोर मांडतो. मुलगा पडद्याकडे बघत राहतो, मग आईच्या कुशीत शिरून रडतो, आणि पुढच्या आठवड्यात नोकरीच्या मुलाखतीला निघतो. मालिकेतल्या आईचा थकवा खरा वाटला, हे मान्य करते. करणी-भानामती न दाखवता रात्री आठच्या मालिकेनं आजाराचं नाव घेतलं, हेही थोडं नाही. पण त्या कॅमेऱ्याच्या प्रसंगानं माझं काम वाढवलं. आजवर नुसते वाद घालणारे लोक आता पुरावे गोळा करू लागले.

प्रणयचे बाबा त्यातलेच. मी त्यांना काका म्हणते, त्याच्या आईला काकू. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

प्रणय सव्वीस वर्षांचा, घर नागपुरात मानेवाड्याकडे. आजार आधीचाच. गोळ्यांनी बराच सावरला होता, मग ‘आता बरा आहे’ म्हणून गोळ्या सुटल्या. हे इतक्या घरांत होतं की गोळ्या बंद केल्या का, असं मी आता विचारत नाही. कधी केल्या, एवढंच विचारते. उन्हाळा लागला, खिडकीत कूलर बसला आणि कूलरमधून आवाज येऊ लागले. नागपूरच्या कूलरची रात्रभराची घरघर ज्यानं ऐकली आहे, त्याला हे फार विचित्र वाटणार नाही. अर्धवट झोपेत त्यात कुणी हाक मारल्यासारखं धडधाकट माणसालाही वाटतं. प्रणयला शेजारच्या दोघांचं बोलणं ऐकू यायचं. त्याचं नाव घेऊन, तो आत्ता काय करतोय त्यावर शेरे मारत.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर ठरल्या वेळेला रीडिंग लिहिलेला माणूस. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली. पट्टीनं आखलेले तीन रकाने: वेळ, ‘प्रणयचे म्हणणे’, ‘प्रत्यक्ष स्थिती’. ‘रात्री ११.४०. शेजारचे गच्चीवर उभे आहेत म्हणतो. गच्चीला कुलूप. चावी आमच्याकडे.’ अशी पानंच्या पानं.

‘कॅमेरे काही आपल्याच्यानं झाले नाही,’ काका म्हणाले. ‘मग मोबाइलवर कूलरचा आवाज रेकॉर्ड केला. सकाळी त्याले ऐकवला. म्हटलं, ऐक बाप्पा, कोण बोलून राहिलं यात? नुसती मोटर आहे.’

‘मग?’

‘पूर्ण ऐकला त्यानं. कानाले लावून ऐकला. अन् म्हणते, बाबा, यात पण आहेत ना ते.’

काकू पदराशी चाळा करत बसल्या होत्या. ‘वरतून म्हणाला, आता तर तुमच्याजवळ पुरावा पण आला.’

या आजारात पुराव्याचं असंच होतं. आवाज येत असताना मेंदूचं स्कॅन केलं, तर ऐकण्या-बोलण्याशी संबंधित भाग खरोखर कामाला लागलेले दिसतात. म्हणजे तो ‘कल्पना करत’ नसतो, त्याला ऐकू येत असतं. आपल्याला आजार आहे हे न कळणं, हाही बऱ्याच जणांच्या बाबतीत आजाराचाच भाग असतो. त्याला हट्ट म्हणून कसं चालेल? अशा माणसासमोर पुरावा ठेवला की तो पुरावा त्याच्या संशयाच्या बाजूनं साक्ष देऊ लागतो.

दुधातल्या गोळीचंही तेच. काकू वरणात कुटून घालत होत्या. एक दिवस प्रणयला ताटात पांढरा कण दिसला. ‘हे लोक माझ्या जेवणात काहीतरी मिसळतात’ हा त्याचा जुना संशय. त्या दिवशी तो खरा ठरला. तेव्हापासून घरचं जेवण बंद, फक्त बंद पुड्यातली बिस्किटं. चोरून औषध देऊ नका हे मी प्रत्येक घराला सांगते. देणाऱ्याची तळमळ कळते, पण एकदा उघडकीला आलं की औषधावरचाही विश्वास जातो आणि आईवरचाही.

माझा कल आता सांगून टाकते. पेशंटच्या डोक्यात काय चाललंय, ते डॉक्टरांचं औषध बघेल. मी घर बघते. कोण कुणाशी कुठल्या सुरात बोलतं, कुणाच्या तोंडचं वाक्य कोण पुरं करतं, स्वयंपाकघरात कुजबुज होते का. ही काही माझीच आवड नाही. लंडनला समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांनी १९५० च्या दशकात मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या पेशंटांचा मागोवा घेतला. पुढच्या अभ्यासांतून स्पष्ट होत गेलं की ज्या घरात सतत टीका, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, तिथे आजार जास्त वेळा उलटतो. नंतर मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग आणि सहकाऱ्यांनी चंदीगडला तेच तपासलं, तेव्हा लंडनच्या मानानं तिथल्या घरांत अशी टीका आणि अशी अतिकाळजी बरीच कमी आढळली. आपली घरं मुळात वाईट नाहीत, असं मी लोकांना ठासून सांगते ते त्याच आधारावर. आणि हेही सांगते की आजार आईबापांमुळे होत नाही.

काका-काकूंशी काही भेटी नुसत्या बोलण्यात गेल्या. काकूंनी प्रणयला ताजबागेत, ताजुद्दीनबाबांच्या दर्ग्यात नेऊन आणलं होतं, ते त्या चोरट्यासारखं सांगत होत्या. मी म्हटलं, जा ना, गोळ्या सुरू ठेवून जा. खुद्द ताजुद्दीनबाबांना १८९२ मध्ये इथल्याच पागलखान्यात ठेवलं होतं, ही गोष्ट या शहराला ठाऊक आहे. त्यावर काकू पहिल्यांदा हसल्या.

मग एकदा प्रणय आला. ‘आवाजांबद्दल कुणी वाद घालणार नाही’ एवढ्या अटीवर. काकांचा हात सवयीनं वहीकडे गेला. मी म्हटलं, ‘काका, वही राहू द्या. आज त्याला एकच प्रश्न विचारा. मात्र असा विचारा की ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही.’

हे मला त्यांच्या वहीनंच सुचवलं होतं. तीनही रकाने मी घरी नेऊन वाचले होते. काकांनी मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या रकान्यात आधीच तयार होतं. गच्चीला कुलूप आहे ना? मोटरच आहे ना? समोरच्याला हे प्रश्न वाटतच नाहीत, उलटतपासणी वाटते. मला विचाराल तर, या घरातली गाठ तिथे होती.

काका बराच वेळ गप्प बसले. एकदा सुरुवात करून थांबले, कारण तोंडात आलेला प्रश्न पुन्हा तसलाच होता; त्यांच्याच ते लक्षात आलं. मग म्हणाले, ‘कोणत्या टायमाले जास्त त्रास होते रे?’

प्रणय जमिनीकडे बघत होता. ‘दोन ते चार.’

‘झोपच नाही लागत?’

‘लागली की नाव घेतात.’

‘दोनले तर मले बी जाग येते. नाइट शिफ्टची सवय आहे. मी पडून राहतो पंखा पाहत. तू जागा आहेस, हे मले काय माहीत?’

‘दार बंद असते ना तुमचं.’

‘मग आवाज देत जा ना. चहा करू.’

प्रणयनं मान वर केली. ‘चहानं अजून झोप जाते, बाबा,’ तो म्हणाला. काकू हसता हसता रडल्या. थोड्या वेळानं तो माझ्याकडे वळला: ‘मला बाकी काही नको. झोप पाहिजे फक्त.’

मी याच वाक्याची वाट बघत होते. आवाज खरे की खोटे यावर त्या घराचं एकमत अजूनही झालेलं नाही. झोप नाही, यावर मात्र तिघांचंही एकमत होतं आणि डॉक्टरकडे जायला तेवढं पुरतं. ‘मी आवाजांचं सांगणार नाही, झोपेचंच सांगेन,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘चालेल. काय सांगायचं ते तू ठरव.’ अनुभवी मानसोपचारतज्ज्ञाला पुढचं कसं विचारायचं ते माहीत असतं.

वहीचे रकाने बदलले. किती वाजता झोपला, किती वाजता जाग आली. प्रणय स्वतः सांगायचा, काका लिहायचे, आणि डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या वेळी त्याच्या हातात देऊन, नाव आणि काम सांगून. लाळ गळू लागली, अंग जड झालं, तेव्हा त्या लपूनछपून सोडण्याऐवजी डॉक्टरांकडून बदलून घेतल्या. पहिल्या झटक्यानंतरही औषध साधारण वर्ष-दोन वर्षं चालू ठेवायला सांगतात. आजार उलटला असेल तर त्याहून जास्त. आवाज गेले का? पूर्ण नाही. शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखे येतात, असं तो म्हणतो. त्या मालिकेबद्दलही तो बोलला: ‘त्या हिरोचं बरं आहे मॅडम, त्याले आठ ते साडेआठच येतात.’

मग घरच्यांनी बोलायचं तरी काय? ‘मला ऐकू नाही येत, पण तुला येतंय आणि तू घाबरलास, ते दिसतंय’ एवढं म्हटलं तरी खूप. ‘हो, मलाही येतं’ असं खोटं बोलू नका, चेष्टा तर नकोच. त्याच्यापुढे कुजबुजू नका. सूचना एका वेळी एक आणि एकानंच द्यायची. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक सांभाळा: यातल्या काही औषधांनी शरीराची उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. पारा ४५ च्या घरात असताना स्वेटर घालून गच्चीवर बसलेला पेशंट मी पाहिला आहे. पाणी आठवणीनं द्या, दुपारी बाहेर पाठवू नका.

‘तो आम्हाला काही करेल का?’ हा दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो. बहुतेक पेशंट कुणावर हात उगारत नाहीत, उलट तेच इतरांचा मार आणि फसवणूक सोसतात. व्यसन आणि बंद केलेलं औषध, ही जोडी मात्र धोक्याची. दुसऱ्यांपेक्षा स्वतःच्या जिवाला धोका जास्त असतो. मरणाचं बोलणं, ‘ते मला अमुक कर म्हणतात’ असं सांगणं, दिवसेंदिवस अन्न आणि झोप नसणं, यातलं काही दिसलं तर समजावत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जायला पागलखाना चौकाच्या नावामुळे लोक कचरतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं सरकारी उपचार हा तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे.

काकूंचा शेवटचा प्रश्न लग्नाचा होता, तो असतोच. लग्न हे औषध नाही, आजार लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात जाऊ शकतं आणि मुहूर्तासाठी गोळ्या थांबवायच्या नाहीत, इतकं सांगून मी म्हटलं, आधी त्याला विचारा. त्यांनी माझ्यासमोरच विचारलं. प्रणय सध्या बर्डीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारचे चार तास बसतो. तो म्हणाला, आधी हे चाराचे सहा होऊ दे. काकूंनी विषय बाजूला ठेवला आहे. सोडला आहे, असं मला वाटत नाही.